तळघरातले दिवे आणि वांगी रंग

आमचं घर रत्नागिरीत उतारावर आहे. रस्त्यावरून बघितलं तर बैठं दिसतं, पण मागच्या आगरात उतरलं की खाली आणखी एक खोली असल्याचं कळतं. जांभा कापून काढलेली ती खोली म्हणजे आमचं तळघर. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर फणस असा पसरलेला की भर दुपारीही आत शिरल्यावर आधी भिंत चाचपावी लागायची. आंब्याचे रिकामे खोके, नारळ आणि माझी मोडकी सायकल सोडली तर तिथे कुणाचं काही काम नसे.

बायको शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर ती शिवणकामाकडे वळली आणि आळीतल्या बायका कपडे घेऊन यायला लागल्या. मशीन पडवीत होतं. येणारा-जाणारा तिथे टेकायचा, चहा मागायचा आणि शिवायला टाकलेल्या कापडावरच बसायचा. शेवटी ती म्हणाली, "मला दार लावता येईल अशी खोली हवी."

म्हणून तळघराचं काम काढलं. भिंतींची ओल काढली, फरशी घातली, गिलावा झाला. आणि दिव्यांची जबाबदारी मी मागून घेतली. कुणी दिली नव्हती.

सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात माझी हयात गेली. पुलांचे काढले, गटारांचे काढले. दिव्यांचा एकही काढला नव्हता, पण ती बाब मला त्या वेळी फारशी महत्त्वाची वाटली नाही. मी फोनवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. पंधरवड्यात मला इतकं कळायला लागलं की दुसऱ्यांच्या घरी गेलो की मी आधी छताकडे बघायचो. एका मयताला गेलो असताना तिथल्या ट्यूबचा उजेड डोळ्यांवर येतो असं मी बायकोच्या कानात सांगितलं. तिने माझा हात असा दाबला की पुढचं वाक्य घशातच राहिलं.

बाजारातल्या दुकानात गेलो तेव्हा माझ्याकडे छताचा नकाशा तयार होता. दुकानदाराने तो उलटा धरून बघितला.

"खोली कसली आहे, काका? हॉटेल काढताय?"

"स्टुडिओ," मी म्हणालो. शिवणाची खोली म्हणायला जीभ वळेना.

त्याने भिंतीवरचे सगळे एलईडी एकदम लावले. पांढरे, निळसर, पिवळे. मला पिवळे आवडले. त्या उजेडात दुकानदारसुद्धा देखणा दिसत होता. छताच्या कडेने लपवायच्या पिवळ्या पट्ट्या, मधे गोल बारके दिवे आणि उजेड कमी-जास्त करायला रिमोट, असं सगळं घेऊन मी घरी आलो.

दिवे पहिल्यांदा लागले तेव्हा बायको दारातच थांबली. "अगं बाई! छान दिसतंय हो," ती म्हणाली. जांभ्याची एक भिंत आम्ही तशीच उघडी ठेवली होती, ती तर मधात बुडवल्यासारखी दिसत होती. पुढचे काही दिवस मी दिसेल त्याला तळघरात नेत होतो. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही मी रिमोट दाबून दाखवला. टाकी खांद्यावर ठेवूनच तो "चांगलाय" म्हणाला.

शेजारच्या भाभींच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भाभींचे यजमान कुवेतला असतात. त्यांनी भाभींसाठी तिथून वांगी रंगाचं रेशमी कापड पाठवलं होतं. भाभींनी ते बायकोकडे दिलं. गळ्याला आणि बाह्यांना त्याच रंगाची पट्टी हवी, असं सांगून गेल्या. बायकोकडे जुन्या तुकड्यांचं एक गाठोडं होतं. त्यातून तिने एक तुकडा काढला, कापडाशेजारी धरला आणि मला हाक मारली.

"जमतंय ना हो?"

मी रिमोटने उजेड वाढवला, चष्मा वर केला, मान तिरकी केली. "एकाच ताग्यातलं वाटतंय," मी म्हणालो.

ड्रेस शिवून झाला. लग्नाला थोडेच दिवस राहिले होते. भाभी घ्यायला आल्या तेव्हा बायकोने तो अंगणात उन्हात उलगडला. ड्रेस वांगी होता. पट्टी चक्क कॉफीच्या रंगाची.

"बाई, हे काय झालं?" भाभी म्हणाल्या. "गळ्याभोवती मळ धरल्यासारखं दिसतंय."

बायकोचा चेहरा पडला. ती काही बोलण्याआधी मी म्हणालो, "भाभी, चूक हिची नाही. माझ्या दिव्यांची आहे." मग त्यांना खाली नेऊन तोच ड्रेस पुन्हा दाखवला. आत पट्टी पुन्हा वांगी! भाभी एकदा आत, एकदा बाहेर अशा दोन-तीन वेळा जाऊन आल्या. मग त्यांना इतकं हसू आलं की पायरीवरच बसल्या. "भाऊ, मग मी लग्नभर तुमच्या तळघरातच उभी राहते," म्हणाल्या.

बायको मात्र हसली नाही. तिने मला टाके उसवायला बसवलं. अंगणात, उन्हात, समोर खुर्ची टाकून ती लक्ष ठेवत होती. रेशमाला भोक पडू न देता टाका काढणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. दोनदा सुई बोटात घुसली. कीव करणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. या वेळी नकाशा नव्हता. बायकोच्या पिशवीत ड्रेसच्या उरलेल्या कापडाचा आणि त्या पट्टीचा असे दोन तुकडे होते. दुकानदार एकेक दिवा लावायचा, ती दोन्ही तुकडे त्याखाली धरायची. बऱ्याच दिव्यांखाली ते सारखेच दिसत. मग ती दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन खात्री करायची आणि नकारार्थी मान हलवत परत यायची. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. अखेर एक साधा, लांबट, पांढरा दिवा लागला आणि वांगी वांगी, कॉफी कॉफी दिसली.

"हाच," ती म्हणाली.

दिसायला अगदी ट्यूबसारखाच होता तो. मी पाकीट काढलं.

नवी पट्टी नव्या दिव्याखाली लागली आणि ड्रेस वेळेवर गेला. लग्नाला आम्ही गेलो तर हॉलच्या दारातच भाभी पाहुण्यांचं स्वागत करत उभ्या होत्या, तोच ड्रेस घालून. वर छतभर माझ्या दिव्यांहूनही पिवळे दिवे लखलखत होते आणि त्या उजेडात भाभी डोक्यापासून पायापर्यंत कॉफी रंगाच्या दिसत होत्या.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग तिने तोंडाला पदर लावला. भाभी विचारत राहिल्या, "काय झालं? काय झालं?" पण तिला सांगताच येईना.