टोड्यावरचा बुद्ध

सौंसरला घर बांधायला काढलं तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. बैठकीची मागची भिंत डोक्याइतकी आली आणि सिमेंट संपलं. पुढचं परमिट कधी मिळेल ते कोणी सांगत नव्हतं. बुद्धपौर्णिमा मात्र आठवड्यावर आली होती. बाबांना मूर्ती त्याच दिवशी बसवायची होती. नागपूरहून आणलेली, दगडी. दोघांनी उचलावी लागे.

तिच्यासाठी मिस्त्रीने भिंतीतूनच टोडा काढला होता. विटांचे चार थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा सव्वादोन इंच पुढे. एकूण नऊ इंच. भिंतही नऊच इंच जाड; टोडा त्याहून पुढे काढत नाहीत. हिशेब बरोबर होता, पण अर्धा. पुढे आलेल्या विटांना मागून दाबून धरते ती वरची भिंत, आणि ती अजून चढलीच नव्हती.

मी खाली टेका सुचवला.

"टेका लावलेला बुद्ध मी कुठं पाह्यला नाही," बाबा म्हणाले. "टोडा पडून राहिला का?"

"अजून नाही."

"मंग?"

मिस्त्री लोधीखेड्याचा. तो म्हणे, "घट्ट हाय भाऊ, कायले काळजी करता?" मी ऑफिसातून आलो की चपला न काढता टोड्याला ओळंबा लावी, हाताने दाबून पाही, बाहेर जाई, परत येई.

"घर बांधून राहिले का पहारा देऊन राहिले?" बायको म्हणाली. "बुड टेकवा जरा."

बुद्धवंदनेला बाबा नेमके टोड्याखाली बसून डोकं टेकवणार होते. शेवटी मी म्हटलं, "बाबा, दोन हात लांब बसा."

ते टोड्याखालीच जाऊन बसले. मग म्हणाले, "जलमभर लांबूनच हात जोडले. आता सोताच्या घरात बी लांबून?"

त्यानंतर टेका आणि अंतर, दोन्ही विषय संपले. रामाकोन्याच्या भट्टीवरच्या विटा अंगणात पडल्या होत्या. त्या मी टोड्याच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या माथ्यावर सुक्याच रचल्या. सहा थर.

"हे काय? भट्टी लावून राहिला का?"

"मागं वजन पाह्यजे, बाबा. भिंत चढली का काढतो."

ते विटांकडे पाहत राहिले. मग सुनेला म्हणाले, "बाई, यायच्यावर पांढरं कापड टाक. बरं दिसंल."

पौर्णिमेला वर छत नव्हतं, मांडवाचं कापड होतं. शेजारपाजारचे आले. मूर्ती बसली. बाबांनी खाली गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. त्रिशरण सुरू झालं तसे सगळ्यांनी डोळे मिटले. मी टोड्याच्या वरच्या दोन थरांमधली सांध पाहत होतो. विटांवरचं कापड वाऱ्याने हललं तरी मी एक पाऊल पुढे सरके.

त्रिशरण संपलं. बाबा माझ्याकडे न पाहता पुटपुटले, "डोये मिट. खाली मी हावो ना."

पंचशील सुरू झालं. मी मिटले. तिसऱ्या शीलापर्यंत कसेबसे मिटून ठेवले.