गप्प केलेलं यंत्र

कारखाना म्हणायचा, पण होती ती एक लांबोडकी खोली. वर पत्रा, आत चामड्याचा आणि गोंदाचा वास. त्या खोलीत वाकड्या पायांचे बूट व्हायचे. कुणाचा पाय आखूड, कुणाचा घोटा आत वळलेला, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. दुकानातला बूट ज्यांच्या पायाला कधी बसला नाही, अशी माणसं लांबून लांबून इथे येत. त्यांच्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वाळल्या की साचा कापून काढायचा आणि त्यावरून लाकडाचा पाय कोरायचा. या लाकडी पायाला कळबूत म्हणतात. त्यावर चामडं ताणून बूट शिवतात. खोलीचा मालक एक म्हातारा. त्याच्या हातचा बूट घालून माणूस रस्त्याने निघाला की त्याच्या पायात काही उणं आहे, हे बघणाऱ्याच्या लक्षातही यायचं नाही.

हात असा देवाघरचा, आणि तोंड मात्र फुफाट्याचं. शिवणारे मामा त्याच्याकडे उभा जन्म कामाला. पण "मालक, टाका उसवलाय" असं त्यांनी सांगितलं की टाका राहायचा बाजूला आणि मामांचीच उसवण सुरू व्हायची. वाईट बातमी आणेल त्याला धारेवर धरायचं, ही त्या खोलीची रीत. मग माणसं शहाणी झाली. चामड्यावर ओरखडा पडला तर पॉलिश फासायचं, कात्री बोथट झाली तर जोर लावायचा, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

सून या घरात आली तेव्हा तिला ही रीत ठाऊक नव्हती. नवरा मालगाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले थोडे दिवस घरी. ती खोलीत बसू लागली आणि बसल्या बसल्या कॉम्प्युटर शिकली. कुणी शिकवला नाही. चुकत, पुसत, परत करत शिकली. जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवली, साच्याभोवती फिरून त्याचा आकार टिपणारा कॅमेरा जोडला, आणि लाकूड कोरणारं यंत्र त्याच्या तालावर चालवलं. म्हाताऱ्याने पहिलं कळबूत हातात घेऊन अंगठ्याने चाचपलं, नाक मुरडलं, पुन्हा चाचपलं आणि काही बोलला नाही. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती.

भिंतीवर दोरीला टांगलेली जुनी कळबुतं मग त्याने एका थंडीत जाळून टाकली, प्लास्टरचे साचेही फेकून दिले. "हवं तेव्हा कोरून मिळतंय, मग ही अडगळ कशाला?" म्हणाला.

सून म्हणाली, "बाबा, निदान सगळ्या पायांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवू या."

"म्हणजे उद्या कुणी खिशात घालून नेईल. माझ्या माणसांचे पाय या खोलीबाहेर जाणार नाहीत."

झालं. माणसांचे पाय एका डब्यात, आणि डबा एकच.

तो कॉम्प्युटर चालू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी झरझर वर सरकत. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी. सकाळी उठल्याबरोबर तो घरभर फिरतो, कोण जागं आहे, कोण आजारी आहे ते पाहतो आणि दिसेल ते बोलून दाखवतो. सुनेला त्या ओळींची सवय झाली होती. दळणाच्या जात्याचा आवाज बायकांना कळतो तशा त्या तिला कळू लागल्या होत्या.

एकदा एक गिऱ्हाईक बसलेलं असताना म्हाताऱ्याची नजर पडद्यावर गेली.

"हे काय भूत लागल्यासारखं बडबडतंय? एरर लिहिलंय तिथे. तेवढं इंग्रजी मला येतं. परक्या माणसापुढे माझी अब्रू काढतंय. तोंड बंद कर त्याचं."

"बाबा, त्यातल्या बऱ्याच ओळी नुसत्या रोजच्या कुरकुरीच्या असतात. पण एखादी कामाची निघते."

"त्याचं बंद कर, आणि तुझंही."

गिऱ्हाईक जमिनीकडे बघू लागलं. मामांनी सुईत दोरा नसतानाच सुई ओढली. सुनेच्या कानशिलात जाळ झाला. तिने सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एक शब्द घातला आणि पडदा मुका झाला. पडदाच फक्त. कारभारी आत लिहीतच राहिला, कारण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही. एवढीशी कमांड दिली की सगळं वाचता येतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने वाचलं नाही. सांगितलेलं नको ना यांना, मग मी तरी कशाला डोळे फोडून घेऊ, असं म्हणून तिने राग पदराला बांधला आणि ती गाठ सोडली नाही.

मग एका सकाळी शाळेतल्या बाईंचा पाय कॉम्प्युटरवर उघडेना. बाईंचा डावा पाय लहानपणीच्या आजाराने आखडलेला. त्यांची बूट न्यायची वेळ जवळ आली होती. पडद्यावर घड्याळ फिरत राहिलं आणि कॉम्प्युटर गोठला. म्हाताऱ्याने बटण दाबून तो बंद केला, चालू केला, परत बंद केला. पोटातून बारीक टकटक येऊ लागली.

"काय करून ठेवलंस?" तो सुनेवर कडाडला. "चांगलं चाललेलं यंत्र होतं."

"हात काढा बाबा."

"मला सांगतेस?"

"हो, तुम्हालाच. बटणावरून हात काढा. आणखी दोनदा दाबलंत तर उरलेले पायही जातील."

असा आवाज त्या खोलीने तिच्या तोंडून ऐकला नव्हता. म्हाताऱ्याचा हात आपोआप मागे आला.

तिने पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला, म्हणजे आजारी डिस्कला उठायला लावायचं नाही, आणि कर्नलच्या ओळी पडद्यावर घेतल्या. म्हातारा मागे उभा होता. तिने त्याला बसवलं नाही, पण बोट लावून वाचून दाखवलं, आणि मुद्दाम मोठ्याने.

"हा सुरुवातीचा आकडा म्हणजे यंत्र चालू झाल्यापासून किती सेकंद झाले ते. त्यापुढे कोण बोलतंय त्याचं नाव. मग गाऱ्हाणं. नुसता एरर शब्द बघून घाबरायचं नसतं, कोण बोलतंय आणि तेच तेच बोलतंय का, ते बघायचं असतं. इथे बघा, डिस्ककडे जाणारा रस्ता तुटला, पुन्हा जोडला. तुटला, जोडला. वेग कमी करून बघितला."

"म्हणजे डिस्क गेली?"

"कदाचित नुसती वायर असेल."

तिच्या आवाजात आशा होती. तिने यंत्र बंद करून वायर बदलली आणि पुन्हा वाचायला घेतलं. रस्ता आता तुटत नव्हता. पण खाली नवी ओळ आली: अमुक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा अमुक कप्पा, वाचता येत नाही. मग तीच ओळ परत, तोच सेक्टर. रस्ता बरा होता, घरच पडायला आलं होतं.

मामांनी बाजारातून नवी डिस्क आणली. जे सहज वाचता येतं ते तिने आधी उतरवून घेतलं, जिथे अडलं तिथे हट्ट न करता पुढे गेली, आणि अडलेल्या जागांकडे सगळ्यात शेवटी वळली. मधे डिस्क तापली की थांबायची. म्हातारा खोलीत येरझारा घालत होता. ओरडायला कुणी सापडत नव्हतं, म्हणून दाराच्या बिजागरीला शिव्या देऊन झाल्या.

संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळे पाय आले. काही आले नाहीत, आणि त्यात बाईंचा होता.

उतरवून घेतलेल्या डिस्कवर कर्नलच्या जुन्या नोंदीही सापडल्या. तिने त्या उघडल्या आणि पहिल्यापासून वाचल्या. यंत्र गप्प केल्यानंतर थोड्याच दिवसांनी पहिलं गाऱ्हाणं. मग आठवड्याला एखादं. मग रोज. तोच सेक्टर, त्याचा शेजारी, त्याच्या शेजारचा. कुणी ऐकत नसताना बिचारं सांगत राहिलं होतं.

"बघा," ती म्हणाली. "पावसाळ्याच्या आधीपासून सांगतंय हे. तुम्ही म्हणालात तोंड बंद कर. मामा सांगायचे थांबले, मी थांबले. हे एकटंच थांबलं नाही."

"तुला वाचता येत होतं ना? मग का नाही वाचलंस?"

"तुमच्या रागाने नाही वाचलं. ते माझं मी बघीन, आणि मला ते आयुष्यभर पुरेल. पण बाईंना मी सांगायला जाणार नाही. पाय तुमच्याकडे दिला होता त्यांनी."

"मामांना पाठवू."

"मामा काय म्हणून जातील?"

मामा मान खाली घालून दोरा ओवत होते. ते हळूच म्हणाले, "मी नाही जाणार, मालक." आणि आपणच बोललो का, अशा नजरेने सुईकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी म्हातारा प्लास्टरच्या पट्ट्या आणि बादली घेऊन बाईंच्या दारात गेला. सून सोबत होती, पण उंबऱ्याबाहेर थांबली.

"बाई, तुमचा पाय गेला माझ्याकडून. पुन्हा घ्यावा लागेल."

बाई आधी हसल्या, त्यांना वाटलं थट्टा आहे. मग त्यांचा चेहरा बदलला. "मागच्या वेळी साचा काढताना मला किती दुखलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणाला होतात, बाई, आता हा पाय माझ्याकडे कायमचा, पुन्हा त्रास नाही. ऑपरेशननंतर पाय थोडा सैल होता तेव्हा घेतलेला तो साचा, आता तसा निघेल का? मी शाळेत उभी कशी राहणार? एक जादा प्रत ठेवता आली नाही तुम्हाला? कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," म्हातारा म्हणाला.

"मग?"

त्याने मागे वळून सुनेकडे पाहिलं. ती गेटच्या गजांकडे बघत होती. कपाळावरची त्याची शीर फुगली. ती फुगली की पुढे काय होतं हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. पण समोरची बाई आजारी पायावर उभी होती आणि तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं मी," तो म्हणाला.

बाई मग थांबल्या नाहीत. बोलायचं ते सगळं बोलल्या, काही दोनदाही बोलल्या. म्हातारा बादली हातात धरून ऐकत उभा राहिला. एकदाही मधे शब्द घातला नाही. बोलून बोलून त्यांना दम लागला, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी डाव्या पायातला जुना बूट काढला.

म्हातारा गुडघ्यावर बसला आणि पहिली पट्टी पाण्यात बुडवली.

"दुखलं तर लगेच सांगा," तो म्हणाला.

"सांगणारच आहे," बाई म्हणाल्या, अजून रागातच.