राघवेंद्राच्या बसवरची चकाकी

माझा धाकटा भाऊ राघवेंद्र याने तंजावूरच्या बस डेपोत चौतीस वर्षं कारकुनी केली आणि त्या काळात एकाही बसला हात लावला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला बसचं वेड लागलं. आता तो प्लास्टिकच्या वीतभर बस जोडतो, रंगवतो आणि शेवटी वरून पारदर्शक, चकचकीत वार्निशचा फवारा मारतो. या शेवटच्या फवाऱ्याचं जेवढं सोवळं तो पाळतो, तेवढं आमच्या आजीनेही पाळलं नव्हतं. पंखा बंद, खिडक्या बंद, स्वयंपाकघरात फोडणी बंद. शुक्रवारचा सांब्राणीचा धूपही बंद, कारण राख ओल्या वार्निशवर बसते.

"देवाला धूप नाही, बसचे मात्र लाड," त्याची बायको नागलक्ष्मी म्हणाली.

यंदा कोलूत, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडतो त्या बाहुल्यांत, त्याला जुनी हिरवी टाउन बस ठेवायची होती. देवीसाठी नव्हे, अप्पाजींसाठी. अप्पाजी डेपोतले जुने रंगारी मिस्त्री. याच्या निरोपसमारंभात ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "राघवाला बसचा रंग विचारा, फाइल काढून सांगेल." सात वर्षं झाली, ते वाक्य याच्या घशाखाली उतरलेलं नाही. अप्पाजी रविवारी घरी येणार होते.

फवारा शुभ वेळीच मारायचा, हा याचा नियम. कॅलेंडरच्या कागदावर शुभ वेळ निघाली सकाळी सव्वासहाची. आदल्या दिवशी पाऊस झालेला, भिंतींनाही घाम फुटलेला. दहा मिनिटांत बस दुधात बुडवल्यासारखी पांढुरकी झाली. घासली, पुन्हा रंगवली, पुन्हा शुभ वेळ, पुन्हा दूध. मी रोजनिशी काढून दाखवली: वर्षात वार्निश पाचदा पांढरं पडलं, पाचही वेळा भल्या सकाळी, हवा ओली असताना.

"शुक्रवारी अकराला मार. ऊन असेल."

"अक्का, शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ!"

"वार्निशला सांगितलंयस का ते?"

शुक्रवारी अकराला नागलक्ष्मीने मला खुणेने वर बोलावलं. गच्चीच्या खोलीत हा चोरासारखा पाठमोरा उभा राहून फवारत होता. एक थर, दुसरा, तिसरा, चौथा. बस आरशासारखी झाली. खाली येऊन म्हणतो, "सकाळीच उरकलं, शुभ वेळेवर." आम्ही दोघींनी कॅलेंडरचं भरपूर कौतुक केलं.

रविवारी अप्पाजी आले. चष्मा पुसून त्यांनी बस उजेडात धरली.

"राघवा, आपल्या डेपोतली एक तरी बस अशी चमकायची का रे? शेडमध्ये कधी आला असतास तर कळलं असतं."

राघवेंद्राचा चेहरा पडला. मग मिस्त्रीच्या सवयीने अप्पाजींनी टपावर अंगठा दाबला. एका दमात मारलेले चार थर आतून अजून मऊच होते. अंगठा रेघांसकट उमटला.

"घाई केलीस," अप्पाजी म्हणाले. "पण धूळ नाही, ओघळ नाही. मारलंस मात्र सफाईने. आठवड्याने आण, मी घासून देतो."

राघवेंद्राने बस नेलीच नाही. कोलू बघायला येणाऱ्या प्रत्येकीला तो टप दाखवतो, "हा अप्पाजींचा अंगठा!" बायका हो हो म्हणतात, प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, घेतात आणि शेजारच्या दशावताराकडे वळतात.