वीतभर बुडतंय

काका दुकानात आले की आधी काउंटरच्या काचेवर उजवा हात टेकवायचे. अंगठा आणि करंगळी ताणून वीत करायचे, ती मला दाखवायचे आणि म्हणायचे, "अजून एवढं बुडतंय, ताई." मग पाणी मागायचे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांच्या घरात पाणी शिरलंय. औरंगपुऱ्यात माझं नकाशे छापून देण्याचं दुकान आहे. लोक घरांचे, गोदामांचे, फार तर एखाद्या मंगल कार्यालयाचे नकाशे घेऊन येतात. काकांनी काखेतली गुंडाळी सोडली आणि माझ्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लढाऊ जहाज पसरलं. जर्मन, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळातलं.

"आता कुठं असतं हे?" मी विचारलं.

"कुठंच नाय. झालंच नाय कधी. मी काढतोय."

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांना आधी वेड्यात काढतो आणि आठवड्याभरानं आपणच विचारतो, काय हो, कुठवर आलं?

काका पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं त्यांनी कालव्याच्या दरवाजाची खिट्टी, चारीचं तोंड, पुलाचा एखादा खांब असले तुकडे काढले. अख्खी वस्तू एकदाही वाट्याला आली नाही, याची त्यांना भारी चुटपुट होती. निवृत्तीनंतर मुलीनं फोन घेऊन दिला आणि त्यात त्यांना देशोदेशीची एक हौशी मंडळी सापडली. ही मंडळी एकमेकांना कोडी घालतात आणि आलेल्या उत्तरांना नंबर देतात. समजा, त्या काळच्या जर्मन आरमारानं तुम्हालाच जहाज काढायला सांगितलं असतं, तर? अट एकच, पण कडक. त्यांच्या बंदरांत पाणी उथळ, म्हणून जहाज नऊ मीटरपेक्षा जास्त बुडता कामा नये. काकांचं वीतभर जास्त बुडत होतं.

मी विचारलं, "काका, आधी धुरांडी काढलीत, तळ शेवटी. असं कुठं असतं का?"

"वेरूळला काय खालनं बांधत आले व्हय?" काका म्हणाले.

दुकानाबाहेर रफिकभाईंची अंड्यांची गाडी लागते. उकडलेली, ऑम्लेट-पाव, शिवाय डझनानं कच्चीही मिळतात. ते नकाशा बघून हसायचे. "इत्ते तोपां किसके वास्ते काका?"

"कुणासाठी नाय रे बाबा. तेव्हा लावायचे म्हणून लावल्या. त्यांच्या वजनानंच माझा जीव चाललाय."

काकांचा खरा जीव तोफांत नव्हताच. तो जहाजाच्या पोटातल्या पावाच्या भट्टीत होता. "हजार माणसं हायेत. सकाळी गरम पाव नको?" असं म्हणून त्यांनी भट्टीची वीट न् वीट काढली होती. आणि वजन उतरवायची वेळ आली तेव्हा पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडली. ट्रेसिंग पेपरवरची शाई पुसत नाहीत, अर्ध्या ब्लेडनं हळूच खरवडतात. माझ्या टेबलाशी बसून त्यांनी भट्टी खरवडली आणि ती काळी भुकटी फुंकून न टाकता रुमालात घेतली. मला हसू आलं. घरी गेल्यावर मात्र वाईट वाटलं.

त्यांची मुलगी रत्नागिरीला दिली आहे. काकू गेल्यापासून काका इथं एकटेच. मुलगी दर सणाला बोलवायची आणि यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "समुद्र बघितला नाय मी अजून. बघीन की. पण आपलं जहाज धड तरंगत नाय, समुद्राला काय तोंड दाखवू?" एकदा तिनं माझ्या दुकानात फोन केला. "ताई, तुम्ही तरी सांगा हो. दोन वर्षं झाली खोली रंगवून ठेवलीय." सांगितलं मी. काकांनी ऐकून घेतलं आणि काचेवर वीत ताणली.

नकाशा पाठवायची मुदत रविवारची होती. शुक्रवारी काका आले आणि त्यांनी वीत दाखवलीच नाही. पाणीही मागितलं नाही. म्हणाले, "बुरूज काढून टाकावा लागतोय, ताई." जहाजावर पाच बुरूज होते, प्रत्येकात दोन तोफा. एक काढला की जहाज नऊ मीटरांत बसणार होतं. "बसंल, पण लंगडं दिसंल. लंगडं पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं." तरी खिशातून त्यांनी अर्धं ब्लेड काढलं आणि नुसतं धरून बसले. मला वाटलं, आता हे पाठवतही नाहीत आणि रत्नागिरीलाही जात नाहीत.

तेवढ्यात बाहेर भांडण सुरू झालं.

छावणी भागातला एक गृहस्थ डझनभर अंडी परत घेऊन आला होता. "सगळी शिळी आहेत. पातेल्यात टाकली तर वर तरंगतात!"

रफिकभाईंनी त्यातलं एक उचललं आणि आपल्या बादलीत सोडलं. अंडं तळाला गेलं. "देखो साब, बैठ गया. ताजं हाय. घरी कशात टाकली होती?"

गृहस्थानं बायकोला फोन लावला. तिनं अंडी उकडायला पाणी घेतलं होतं आणि कवचं फुटू नयेत म्हणून आधीच दोन मुठी मीठ टाकून ठेवलं होतं.

"तो फिर!" रफिकभाई म्हणाले. "खाऱ्या पाण्यात ताजं अंडं बी वर येतंय. पाणी जड होतंय ना!"

मागे टेबलावर ब्लेड पडल्याचा आवाज आला. काका उभे होते, तोंड उघडं. "ताई," ते म्हणाले, "समुद्राचं पाणी खारं असतंय."

"हो काका. सगळ्यांना माहीत आहे."

"मला बी माहीत हाय! पण मी धरलं नाय ना!" आणि ते कागदाच्या गठ्ठ्यावर बसून हसायला लागले. मी घाबरलेच. हसता हसता सांगत होते, "चौतीस वर्षं धरणाचं पाणी मोजलं. एक घनमीटर म्हणजे एक टन, झोपेत विचारलं तरी एक टन. जर्मनांचं जहाज मी जायकवाडीत तरंगवत बसलो हो!"

मग पेन्सिल, वही आणि आकडे. खारं पाणी हजारामागं पंचवीस भागांनी जड. पंचवीस हजार टनांच्या जहाजाला सव्वासहाशे टनांचा आधार जास्तीचा. काकांनी तीनदा हिशेब केला, चौथ्यांदा माझ्याकडून करून घेतला. जहाज वीतभराहून जरा जास्तच वर आलं होतं. बुरूज राहिला, वर थोड्या वजनाला जागाही उरली. "भट्टी!" काका ओरडले आणि रविवारी दुपारपर्यंत माझ्याच टेबलावर बसून त्यांनी ती विटेविटेनं परत काढली. इंग्रजी पत्र मी लिहिलं. रफिकभाईंनी सगळ्यांना ऑम्लेट-पाव खिलवला. काका अंडं खात नाहीत, त्यांनी नुसता पाव खाल्ला. अंडी न्यायला परत आलेला छावणीचा तो गृहस्थही खाऊन गेला. जाताना विचारत होता, नक्की झालं काय?

एकवीस जहाजांत काकांचं अठरावं आलं. एका परीक्षकानं लिहिलं होतं की वजनं इतक्या प्रामाणिकपणे मांडलेली क्वचित दिसतात आणि पावाची भट्टी आपण आजवर कुणाच्या जहाजात पाहिली नव्हती. हे मी काकांना चारदा वाचून दाखवलं. त्यांनी पेढे वाटले, पहिल्या आलेल्या माणसानं वाटले नसतील इतके.

पुढच्याच आठवड्यात ते रत्नागिरीला गेले. जहाजाची एक प्रत त्यांनी मला दिली, ती काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावली आहे. गिऱ्हाइकं विचारतात आणि मला पहिल्यापासून सांगावं लागतं. काका नाहीत तर दुकान मोठं वाटतं. खोटं कशाला बोलू, अजूनही दाराकडे लक्ष जातं.

परवा मुलीनं फोटो पाठवला. काका समुद्रात गुडघाभर पाण्यात उभे आहेत, पँट दुमडलेली, शर्टाच्या खिशात पेन. मागं समुद्रच समुद्र. उजव्या हाताची वीत ताणलेली, करंगळी पाण्याला टेकलेली आणि अंगठा वर. चेहऱ्यावर असं हसू, की जणू समुद्रही त्यांनीच काढलाय.

मी फोन घेऊन बाहेर धावले. रफिकभाईंनी हात पुसले, फोटो मोठा करून नीट पाहिला आणि म्हणाले, "चखा क्या, पूछो."

मी लगेच विचारलं. उत्तर काकांनीच बोलून पाठवलं, पाठीमागं लाटांचा आवाज होता. "चाखलं, ताई. लई खारं हाय. आपण धरलं त्याहून खारं!"