वहीत नसलेली मुलगी

“इंग्रजी शाळेतली हाय ते, आपल्यात बोलत नाही,” काकू माझ्यामागे कुजबुजली. डांबरगोळ्यांचा वास आला की कारंजा गावातलं आमचं ते अंगण आठवतं. भाट वहीतून आमच्या भाऊकीची वंशावळ वाचत होता. काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाच्या नावापुढे त्याने ‘निर्वंश’ वाचलं. “कैद्याचा कायचा वंश!” कुणीतरी हसलं. आजोबांनी डांबरगोळ्यांच्या वासाच्या ट्रंकेतला जुना इंग्रजी सरकारी कागद माझ्या हाती दिला. “पोरी, काय लिहेल हाय यात?” मी वाचलं: त्या कैद्याने अंदमानात लग्न केलं होतं, त्याला एक मुलगी होती. भाटाच्या वहीत मुली लिहीत नसत; मीही त्या वहीत नव्हते. सगळे माझ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांनीही माझाच तो आवाज मला परका वाटतो: “निर्वंश नाही. त्यांना मुलगी होती. तिचं नाव लिहा.”