काढून टाकलेल्या चार ओळी

मंगळवार, ४ मार्च. सकाळी चष्म्याची काडी बसवून आणली. अकरा वाजता इस्पितळाच्या धुलाईघरात चौकशी. साबणकाकांना मशिनवरून काढलं. मी शेजारीच बसले होते. बोलले नाही.

साबणकाका म्हणजे आमच्या धुलाईघराचे मुकादम. एकतीस वर्षं चादरी धुऊन त्यांच्या बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली. मशिनचा आवाज जरा बदलला की भरल्या डब्यावरून उठायचे. "माझं नाही, पण मशिनचं ऐकतात," असं त्यांची बायको हसत सांगायची.

मी तिथे कपड्यांचं कोठार सांभाळत असे. माझं लिहिणं नीटनेटकं, म्हणून निवृत्तीनंतरही विकीची पानं तपासायला मला बोलावत. विकी म्हणजे कॉम्प्युटरवरची सगळ्यांची मिळून एक वही. ज्याला जे काम येतं ते त्याने लिहायचं, इतरांनी भर घालायची, चुकलं तर सुधारायचं.

काकांनी एका बोटाने टाइप करत तीन नंबरच्या मशिनचं पान लिहिलं. शेवटच्या चार ओळी अशा: "हिरवा दिवा लागला तरी लगेच दार उघडू नये. दिवा खोटारडा आहे. आधी काचेला पालथा हात लावावा. गरम लागली तर आत पाणी आहे."

दिव्याला खोटारडा म्हणणं मला बरं दिसेना. साहेब लोक वाचणार. शिवाय कंपनीच्या पुस्तिकेत हिरवा दिवा म्हणजे दार उघडा, असंच होतं. काकांना विचारायला दहा पावलं जावं लागलं असतं. मी गेले नाही. चारही ओळी काढल्या.

तीन आठवड्यांनी नव्या ऑपरेटर मुलीने पान वाचलं, दिवा बघितला आणि दार उघडलं. कढत पाणी तिच्या पायावर आलं.

चौकशीत अधीक्षक काकांवर कडाडले, "सगळं डोक्यातच ठेवायचं होतं, तर पान कशाला लिहिलंत?"

"राहून गेलं असेल, साहेब."

त्यांना घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. मी पर्सची चेन चाचपत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशी गेले. "काका, त्या ओळी मी काढल्या होत्या."

"ठाऊक आहे, बाई. विकीत जुनं सगळं दिसतं. कोणी काढलं, किती वाजता."

"कधी बघितलंत?"

"त्याच दिवशी."

"मग परत लिहायच्या! मला चार शब्द सुनावायचे!"

"तुम्हाला? म्हटलं, बाईंनी काढल्यात म्हणजे विचारूनसवरूनच काढल्या असणार. दिवा दुरुस्त झाला असेल, आपल्याला कोण सांगतंय!" त्यांनी उशीची खोळ झटकली आणि घडी घातली.

मला त्यांच्यासमोर उभं राहवेना. कोठारात जाऊन ओळी जशाच्या तशा परत घातल्या, खोटारड्यासकट. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं: "या ओळी मी न विचारता काढल्या होत्या. मुकादमांची चूक नाही." तेच पान छापून अधीक्षकांपुढे ठेवलं.

"बाई, या वयात कशाला मनाला लावून घेता? आता ऑर्डर निघाली."

"मग दुसरी काढा."

पुढच्या महिन्यात बघू, म्हणाले. काका अजून टेबलावरच आहेत.

त्या संध्याकाळी हे सगळं वेळेनिशी डायरीत उतरवलं. खाली लिहिलं: दूध उतू गेलं. शेगडी दोनदा पुसली.