ओढायचं नाही

जळीत विभागात मी नवी नर्स म्हणून लागले, तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीत ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांना अख्खं हॉस्पिटल मावशी म्हणायचं. बत्तीस वर्षं त्या भाजलेल्यांच्या पट्ट्या बदलत होत्या. तोंडात कायम महामृत्युंजय मंत्र. आवाज बारीक, बेसूरच म्हणा ना, पण लय पक्की.

पहिल्याच दिवशी मी जखमेला चिकटलेला गॉज उचलायला गेले, तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

“ओढायचं नाही. सलाइननं भिजव आणि थांब.”

“किती वेळ?”

“अकरा वेळा मंत्र होईपर्यंत.”

भिजवता भिजवता त्यांनी अर्थही सांगितला. पिकलेली काकडी देठापासून जशी अलगद सुटते, तसं आम्हाला मरणातून सोडव, असं मागणं आहे त्यात. “वडिलांनी लहानपणीच पाठ करून घेतला होता. अर्थ इथं आल्यावर कळला. हिसका दिला की नवी कातडीसुद्धा हातात येते, बाई.”

खोटी आशा त्या कुणाला लावत नसत. औषध डॉक्टरांचं, हात माझा, मंत्र धीराला, हा त्यांचा हिशेब.

एकदा स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या एक आजी आल्या. अठरा दिवस मावशींनी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. एकोणिसाव्या दिवशी आजी गेल्या. कपड्यांची पिशवी न्यायला आलेला मुलगा दारातच थांबला.

“रोज जप करत होतात ना? काय उपयोग झाला?”

मावशींचा चेहरा उतरला. “त्यांना दुखू दिलं नाही, एवढंच झालं माझ्याकडून.”

तो न बघताच निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून मावशींचं तोंड बंद. काम तेच, सलाइन तेच, पण खोलीचं सगळंच बिघडलं. रोगी पट्टीला हात लावायच्या आधीच अंग चोरायचे, हात मागे घ्यायचे. मी विचारलं, तर म्हणाल्या, “काय चुकीचं बोलला तो? मला उत्तर सापडत नाही.”

असे नऊ दिवस गेले.

तेव्हा वॉर्डात एक बॉयलरवाला होता. वाफेनं दोन्ही हात भाजलेले, जीभ मात्र शाबूत. आल्या आल्या त्यानं सांगून टाकलं होतं, “माझा मंत्रावर विश्वास नाही.” मावशी म्हणाल्या होत्या, “असू दे. सलाइनचाही कुठे आहे?”

दहाव्या दिवशी त्यानं हात मागे घेतला. “मंत्र कुठे गेला तुमचा?”

“तुमचा तर विश्वास नाही ना?”

“नाहीच! पण सातवा झाला की आता चारच राहिले, हे कळायचं. अकरापर्यंत दात आवळून बसता येतं हो. या मुकेपणाला शेवटच नाही.”

मावशींनी त्याच्या पट्टीवर सलाइन ओतलं. मग त्यांनी सुरुवात केली. पहिल्या वेळी आवाज फाटला, दुसऱ्यांदा कापला, तिसऱ्यापासून लागला. सातव्यानंतर तोच पुटपुटला, “चार राहिले.” पलीकडच्या पलंगावरची बाई डोळे पुसत होती.

त्यानंतर मावशींनी पुन्हा कधी खंड पडू दिला नाही.

दोन महिन्यांनी बॉयलरवाला घरी निघाला. शर्टाची बटणं मीच लावणार म्हणून हटून बसला. कडक झालेल्या बोटांना एकेक बटण म्हणजे डोंगर. बायको मदतीला सरसावली, तर त्यानं तिला नजरेनंच थांबवलं. शेवटचं बटण लागलं, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

मावशी हसू दाबत म्हणाल्या, “एक काज चुकलंय.”

“चुकू दे,” तो म्हणाला, आणि तसाच तिरका शर्ट मिरवत घरी गेला.